नौदल गेलं, बेट उरलं: स्टॉकहोमच्या शेप्सहोल्मेनवर एक चक्कर

गेल्या उन्हाळ्यात काका आमच्याकडे स्टॉकहोमला आले होते. मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना राजवाडा दाखवला, जुनं शहर दाखवलं, पण गडी काही खुलेना. मग एका सकाळी त्यांना शेप्सहोल्मेनच्या पुलावर नेलं. लोखंडी पूल, १८६१ सालचा, कठड्यावर सोनेरी मुकुट. सगळे पर्यटक त्या मुकुटामागे राजवाडा येईल असा फोटो काढत होते. काका मात्र पुलाच्या टोकाकडे बघत होते.

"हे नौदलाचं बेट ना?"

"होतं."

"मग गेट कुठाय? संत्री कुठाय? पास कोण बघतं?"

गेट नाही, संत्री नाही, पास नाही. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत आली आणि काकांना हसून पुढे गेली. तेव्हापासून काकांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांतूनच हा लेख तयार झाला आहे.

हे प्रश्न एकट्या काकांचे नाहीत. ७ मार्च २०२४ला स्वीडन नाटोत गेला, संरक्षणावरचा खर्च वाढतोय, आणि शांततेच्या काळात सोडून दिलेल्या लष्करी जागांचं काय, हा विषय पुन्हा निघतोय. आपल्याकडेही मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींचं काय करायचं, ही चर्चा वर्षानुवर्षं चालूच आहे. राजधानीच्या ऐन मध्यावर नौदलाचं बेट असतं, नौदल निघून जातं, मग त्या बेटाचं नक्की होतं काय?

## मुळात शहराच्या मधोमध नौदल कशाला?

आधी नावाचं. लिहिताना स्वीडिश लोक 'स्केप्स' असं लिहितात आणि म्हणताना 'शेप्स' म्हणतात. शेप म्हणजे जहाज, होल्मे म्हणजे छोटं बेट. जहाजांचं बेट. त्याआधी याचं नाव लुस्टहोल्मेन होतं, म्हणजे मौजमजेचं बेट. राजघराण्याची हवा खायची जागा.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला मेलारेन नावाचं मोठं तळं, पूर्वेला बाल्टिक समुद्र. तळ्याचं पाणी जिथे समुद्रात उतरतं, नेमक्या त्या तोंडावर स्टॉकहोम बसलेलं आहे. म्हणजे घराचा दिंडी दरवाजाच. आत जायचं तर इथूनच जायला हवं. आणि या दरवाजासमोर जे अंगण आहे, त्यात साधारण ३० हजार लहानमोठी बेटं आणि खडक विखुरलेले आहेत. शत्रूचं जहाज आलं तर आधी त्या भूलभुलय्यातून वाट काढणार आणि मग राजवाड्यापुढे पोचणार. दरवाजाशी पहारा ठेवायचा तर चौकी कुठे असणार? दरवाजाशीच. शिवाय सतराव्या शतकातल्या राजाला आपली जहाजं डोळ्यांसमोर लागत. जहाजं म्हणजे खजिना होता, आणि खजिना कोणी गावाबाहेर ठेवत नाही.

तेव्हाचं आरमारी जहाजबांधणीचं आवार शेजारच्या ब्लासियेहोल्मेनवर होतं. १० ऑगस्ट १६२८ला पहिल्याच फेरीत, बंदर सोडायच्या आत, जे 'वासा' नावाचं प्रचंड जहाज बुडालं, ते तिथेच बांधलेलं. गंमत म्हणजे तेव्हा त्या शेजारच्या बेटालाच शेप्सहोल्मेन म्हणत. १६४०च्या दशकात नौदल तिथून मौजेच्या बेटावर हललं आणि जाताना नावही सोबत घेऊन गेलं.

आणि ते जुनं बेट आता बेटच राहिलेलं नाही, मुख्य जमिनीला चिकटलंय. मधली खाडी भरून टाकली हे एक कारण. दुसरं ऐकून काका थांबलेच. इथली जमीन वर येतेय. हिमयुगात या भागावर बर्फाचा अजस्र थर होता, त्याच्या वजनाने जमीन दबली होती. गादीवरून माणूस उठला की गादी हळूहळू फुगते, तसं हजारो वर्षं चालू आहे. स्टॉकहोमपाशी वेग वर्षाला साधारण अर्धा सेंटीमीटर. समुद्राची पातळी आता वाढू लागल्यामुळे ही कमाई बरीचशी खाल्ली जाते, पण जुन्या नकाशांत जिथे पाणी दिसतं तिथे आज रस्ते आहेत ते यामुळेही.

## मोठी जहाजं गेली, मग उरलं कोण?

राजधानीत आरमार ठेवण्यात एक अडचण होती. हिवाळ्यात इथलं पाणी गोठतं. वसंतात बर्फ वितळेपर्यंत जहाजं अडकलेली, आणि तोवर दक्षिणेला डेन्मार्कची जहाजं मोकळी. म्हणून १६८०मध्ये दक्षिण किनाऱ्यावर कार्ल्सक्रूना हे नवं आरमारी शहरच वसवलं आणि मोठ्या युद्धनौकांचा मुख्य तळ तिकडे गेला.

मग शेप्सहोल्मेन ओस पडायला हवं होतं. पडलं नाही, कारण १७१९मध्ये रशियन गलबतं स्टॉकहोमबाहेरच्या बेटांमध्ये घुसली आणि त्यांनी गावंच्या गावं जाळली. ती वल्ह्यांची, उथळ बुडाची होती. मोठी स्वीडिश जहाजं त्या खडकाळ, उथळ पाण्यात त्यांच्यामागे जाऊच शकत नव्हती.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आंग्र्यांची गलबतं खाडीत शिरली की इंग्रजांची मोठी जहाजं तोंडाशी हात चोळत उभी राहायची, तोच हा हिशेब. वारा पडला तर वल्ही मारायची, पाणी कमी असलं तरी चालायचं. स्वीडननेही तेच केलं आणि १७५६मध्ये बेटांच्या पाण्यासाठी वेगळं आरमार उभारलं. त्याच्या बोटी रेखणारा माणूस म्हणजे फ्रेद्रिक हेन्रिक आफ चॅपमन. जन्म स्वीडनमधल्या ग्योतेबोरीचा, आईवडील इंग्रज. जहाज तरंगेल कसं, कलेल किती, हे सुताराच्या अंदाजावर न सोडता गणिताने ठरवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव घेतात. या आरमाराने १७९०च्या जुलैत स्वेन्स्कसुंदच्या लढाईत रशियाला जबर मार दिला. ह्या आरमाराचं एक घर शेप्सहोल्मेन होतं.

## बेट लोकांना 'खुलं' केलं कधी?

फीत कापली तो दिवस कोणता, असं काकांनी विचारलं. असा दिवसच नाही, आणि मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे.

एखादा जुना वाडा कसा रिकामा होतो ते आठवा. थोरला फ्लॅटमध्ये जातो, त्याच्या खोलीत कोणी शिकवणी सुरू करतं. मग ओसरीवर शिंप्याचं दुकान येतं. धाकटा अजून माडीवर राहतोच आहे. इथे तसंच झालं. १९४९मध्ये किनाऱ्याला बांधलेल्या एका जुन्या शिडाच्या जहाजात प्रवाशांसाठी वसतिगृह सुरू झालं. १९५६मध्ये सैनिकांच्या कवायतीच्या रिकाम्या हॉलमध्ये पिकासोचं 'गेर्निका' हे युद्धाच्या भीषणतेचं चित्र लावलं गेलं. कवायतीच्या हॉलमध्ये, हे लक्षात घ्या. १९५८मध्ये त्याच हॉलमध्ये मोडेर्ना म्युसेएट हे आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं. १९६३मध्ये पूर्व आशियाई कलेचं संग्रहालय आलं. नौदल अजून बेटावरच होतं. गणवेशातले अधिकारी आणि दाढीवाले चित्रकार एकाच पुलावरून ये-जा करत असणार.

नौदल खऱ्या अर्थाने हललं ते १९६९च्या सुमारास. कारणं सरळ होती. विमानं आणि क्षेपणास्त्रांच्या काळात दिंडी दरवाजाशी चौकी ठेवून उपयोग नसतो, शत्रू छपरावरून येतो. मग स्वीडनने शहराच्या दक्षिणेला, सुमारे ४० किलोमीटरवर, मुस्क्यो नावाच्या बेटाचा ग्रॅनाइट आतून पोखरला. १९५० ते १९६९ हे काम चाललं. डोंगराच्या पोटात सुक्या गोद्या (जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकायची, म्हणजे बूड दुरुस्त करता येतं), कारखाने, रस्ते. युद्धनौका समुद्रातून थेट खडकात शिरणार आणि वरून पाहिलं तर नुसती झाडं. बेटाला जोडणारा रस्ताही समुद्राखालून जातो, जवळपास ३ किलोमीटरच्या बोगद्यातून.

काकांनी डोळे बारीक केले. "सुकी गोदी, आणि डोंगराच्या आत? पाणी काढायचे पंप कुठे बसवले असतील?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

## 'पुनर्वापर' म्हणजे नुसता रंग मारणं नव्हे

जुनी इमारत न पाडता, तिचा ढाचा तसाच ठेवून, तिला वेगळं काम देणं म्हणजे पुनर्वापर. एवढीच व्याख्या. अवघड असतं ते इमारतीच्या अंगाला मानवेल असं काम शोधणं. नऊवारीची गोधडी उत्तम होते, तिचा सदरा शिवायला गेलात तर जागोजागी ओढतो.

कवायतीच्या हॉलला मधे खांब नसतात, कारण शेकडो माणसांना एकदम वळायचं असतं. मोठी चित्रं लावायलाही अशीच जागा हवी. जुळलं. तिथे आता वास्तुकलेचं संग्रहालय आहे. बाराव्या कार्ल राजाच्या अंगरक्षकांसाठी १७००च्या आसपास बांधलेली, संपता संपत नाही अशी लांब बराक आहे. एका रांगेत छोट्या छोट्या खोल्या. तिचं २००९मध्ये हॉटेल झालं. घुमटाच्या नौदल चर्चमध्ये आता वाद्यवृंद आणि गायकवृंदांचे कार्यक्रम होतात, कारण घुमटात आवाज घुमतो तो मुळातच गाण्यासाठी. पूर्व आशियाई संग्रहालयाखाली दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नौदलाने खोदलेली खडकातली गुहा आहे. २०१०मध्ये तिथे चीनच्या पहिल्या सम्राटाचे मातीचे सैनिक प्रदर्शनाला आणले होते. मूळचे जमिनीत पुरलेले, इथेही जमिनीखालीच उभे.

पण मला सगळ्यांत आवडतं ते जहाज. तिथे आम्ही तासभर होतो.

'आफ चॅपमन' हे पांढरंशुभ्र, तीन डोलकाठ्यांचं जहाज १८८८मध्ये इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनला बांधलं गेलं. तेव्हा नाव 'डनबॉयन'. मालवाहू होतं. १९२३मध्ये स्वीडिश नौदलाने ते घेतलं, त्या जहाजबांधणी-गुरूचं नाव दिलं आणि खलाशांना शिडावर शिकवायला वापरलं. शेवटची मोठी फेरी १९३४ची. मग महायुद्धात सैनिकांची राहण्याची जागा, आणि १९४९पासून आजतागायत वसतिगृह. गोल खिडकीतून डोकं बाहेर काढलं की समोर राजवाडा दिसतो.

काकांनी राजवाडा बघितला नाही. ते धक्क्याच्या कडेला वाकून, जहाजाचा पत्रा जिथे पाण्याला लागतो ती रेघ बघत राहिले. मग म्हणाले, "इथे पाण्याचा डाग एकच आहे."

मला कळेना. त्यांनी समजावलं ते असं. मुंबईत धक्क्याच्या भिंतीवर पाण्याच्या खुणांचा चांगला पुरुषभर, किंबहुना त्याहून उंच पट्टा असतो. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. जहाज दिवसातून दोनदा वर जाणार, दोनदा खाली. दोर सैल करा, दोर ताणा. म्हणून तर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉकना दारं लावून आतलं पाणी कोंडावं लागलं. बाल्टिक मात्र जवळजवळ बंदिस्त समुद्र आहे. महासागराशी त्याची गाठ फक्त डेन्मार्कजवळच्या अरुंद खाड्यांतून. त्यामुळे इथे भरती-ओहोटी मोजून काही सेंटीमीटर. पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने. जहाज वर्षानुवर्षं एकाच उंचीवर बांधून ठेवता येतं, जिना लावून त्यात माणसं झोपवता येतात.

दुसरी गोष्ट मिठाची. अरबी समुद्रात हजार भाग पाण्यात साधारण ३५ भाग मीठ. इथे तळ्याचं गोडं पाणी सतत येत असल्याने जेमतेम काही भाग. काकांनी बोट बुडवून चाखून बघितलं (माझा जीव खालीवर) आणि मान डोलावली. एवढ्या कमी मिठात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही. 'वासा' ३३३ वर्षं तळाशी पडून १९६१मध्ये जवळजवळ अख्खं वर आलं ते मुख्यतः याच कारणाने. लोखंडही गंजतं, पण सावकाश.

"विक्रांत इथे असती तर..." एवढं म्हणून ते थांबले. आपली जुनी विमानवाहू 'विक्रांत' १९९७मध्ये निवृत्त झाली, २००१पासून मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. २०१२मध्ये ते बंद झालं आणि २०१४मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादातला काही भाग मोटारसायकलींत गेला. काका एवढंच म्हणाले, "पत्रा खाल्ला गेला होता. एवढ्या मोठ्या जहाजाला दर काही वर्षांनी गोदीत घ्यावंच लागतं. नुसत्या प्रेमाने जहाज तरंगत नाही." 'आफ चॅपमन'लाही २००६ ते २००८ मोठ्या दुरुस्तीला न्यावं लागलं. शेजारच्याच बेकहोल्मेन बेटावर सुक्या गोद्या अजून चालू आहेत म्हणून ते सोपं गेलं. जहाज जपायचं असेल तर जवळ गोदी जपावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

## सगळं छान छानच झालं का?

नाही. नोव्हेंबर १९९३मध्ये चोर मोडेर्ना म्युसेएटच्या छतातून आत उतरले आणि पिकासो-ब्राकची चित्रं घेऊन गेले. कवायतीचा हॉल बांधताना कोणी छपरातून चित्रं चोरायला येईल असा विचार कशाला करेल? जुन्या वास्तूला नवं काम दिलं की जुन्या वास्तूची दुबळी बाजूही सोबत येते.

मग १९९८मध्ये संग्रहालयाला नवी इमारत मिळाली. राफाएल मोनेओ या नामवंत स्पॅनिश वास्तुकाराची. काही वर्षांतच तिला ओल लागली, बुरशी धरली. २००२मध्ये बंद करून २००४मध्ये ती पुन्हा उघडावी लागली. आजूबाजूला तीनशे वर्षांच्या भिंती ठणठणीत उभ्या, आणि रुग्णालयात गेली ती नवी कोरी सून. मी तिथून जाताना अजून मनात हसते.

तिसरं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. जिथे शतकानुशतकं जहाजं बांधली, रंगवली, डांबरली, तिथली माती विषारी असते. शिसं, पारा, डांबर. बेकहोल्मेन या नावातच डांबर आहे, आणि तिथली माती साफ करावी लागली. दारूगोळ्याचं तर विचारूच नका. हेलसिंकीजवळचं वल्लिसारी हे लष्करी बेट २०१६मध्ये लोकांना खुलं झालं, तरी तिथे आखून दिलेल्या वाटेवरूनच चालायचं. शेप्सहोल्मेनला पुलाने जोडलेल्या छोट्या कास्टेल्होल्मेनवर आज जो लाल विटांचा किल्ला आहे, तो १८४६ ते १८४८मध्ये बांधला, कारण आधीचा १८४५मध्ये दारूच्या स्फोटात उडाला होता. काकांनी लगेच १४ एप्रिल १९४४ची आठवण काढली. व्हिक्टोरिया डॉकमधल्या 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट. शहराच्या पोटात दारू ठेवली की काय होतं, हे मुंबईकराला पाठ आहे.

## पण एवढी मोक्याची जागा विकून का नाही टाकली?

हा आक्षेप मला प्रत्येक पाहुण्याकडून ऐकायला मिळतो. राजवाड्यासमोरचं बेट, चारही बाजूंनी पाणी. टॉवर उभे केले तर सरकारची तिजोरी भरेल.

इथे जमीन सरकारने विकलीच नाही. ती सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या एका मंडळाकडे आहे. हेच मंडळ राजवाडे सांभाळतं आणि परदेशातले स्वीडिश वकिलातींचे वाडेही. संग्रहालयं, हॉटेल, कलाशाळा हे सगळे भाडेकरू. घरमालक एकच.

इथे काका हसले. "म्हणजे संग्रहालय सरकारचं, घर सरकारचं, आणि सरकारच सरकारला भाडं देतं? या खिशातून त्या खिशात?"

दिसायला तसंच दिसतं, आणि इथेही संग्रहालयवाले भाड्याच्या बोज्याबद्दल कुरकुर करतात. पण भाडं असलं की छप्पर शाकारायला किती लागतं ते कागदावर दिसतं. फुकट दिलेल्या जागेची गळती कोणाच्याच हिशेबात नसते. एकत्र कुटुंबात दुकान घरच्याच गाळ्यात असतं, तरी शहाणा कर्ता महिन्याला थोडं भाडं बाजूला काढून ठेवतो, नाहीतर भिंत पडली की भावाभावांत भांडणं.

आणि भाडेकरू बदलता येतो. विकलेली जमीन परत मागता येत नाही. नौदल जाणार, संग्रहालय येणार, उद्या संग्रहालयही नको झालं तर तिसरं काही, पण सातबारा तोच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तो मीच घेते. या बेटावर माणसं फारशी राहत नाहीत. संध्याकाळी संग्रहालयं बंद झाली की सगळं सामसूम. नोव्हेंबरात साडेतीनला अंधार पडतो, तेव्हा तर पुलावर आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. मला ते आवडतं, पण एकटीने फिरताना पाऊल झपाझप पडतं हेही खरं. चार घरं, एक वाण्याचं दुकान असतं तर बेट जास्त जिवंत वाटलं असतं.

## मुंबईत असं का होत नाही?

पहिलं उत्तर सोपं. शेप्सहोल्मेन हे माजी नौदल बेट आहे. मुंबईतलं नौदल माजी नाही, पश्चिम विभागाचं मुख्यालयच तिथे आहे. चालू घरात संग्रहालय भरवता येत नाही. दुसरं, भरती आणि मीठ, ते वर आलंच.

तिसरं काकांनी सांगितलं आणि ते मला जास्त पटलं. बंदराच्या जमिनीवर मुंबईत हजारो कुटुंबं राहतात, काम करतात. इथे रिकाम्या बराकी होत्या. मुंबईत जी 'मोकळी जागा' म्हणून नकाशावर दिसते, तिथे कोणाचं तरी गॅरेज असतं, कोणाची तरी झोपडी. त्यामुळे इथली गोष्ट उचलून तिथे ठेवता येणार नाही. आणि जपायला आपल्याकडे काही नव्हतं असंही नाही. वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, १८१७मध्ये पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही तरंगतंय. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला.

## जायचं असेल तर

कुंगस्त्रेडगोर्डेन मेट्रोवरून चालत दहा-पंधरा मिनिटं. स्लुसेनहून यूरगॉर्डेनला जाणारी होडीही इथे थांबते, आणि खरं सांगायचं तर पाण्यावरूनच यावं. बेटावर फिरायला तिकीट नाही. संग्रहालयाबाहेर निकी दे सँ फाल आणि टिंगेली या शिल्पकारांचे रंगीबेरंगी, फिरते पुतळे आहेत, मुलं तिथे रमतात. पूर्वेच्या धक्क्यावर जुन्या लाकडी बोटी ओळीने बांधलेल्या असतात, प्रत्येकीवर तिची माहिती लिहिलेली. मालक डेकवर बसून रंग खरवडत असतात. काकांनी त्यांतल्या एकाशी अर्धा तास गप्पा मारल्या. एकाला इंग्रजी मोडकं, दुसऱ्याला मोडकं. जमलं. हिवाळ्यात आलात तर बुटांना काटे लावा, दगडी उतारावर बर्फ जमतो.

## नौदल परत आलं तर?

हा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. डोंगरातल्या मुस्क्योचा तळ २००४मध्ये जवळजवळ मोडीत काढला होता. युद्ध आता कुठे होणार, असं तेव्हा वाटत होतं. २०१९मध्ये नौदलाचं मुख्यालय पुन्हा त्या खडकात गेलं. ते जाऊ शकलं, कारण जागा विकलेली नव्हती आणि बोगदे बुजवलेले नव्हते. शेप्सहोल्मेनवर मात्र नौदल परत येईल असं मला वाटत नाही. पिकासोच्या भिंतीला पाणबुडीवाल्यांचा काय उपयोग?

पण नौदल इथून पुरतं गेलेलंही नाही. सहा जूनला, राष्ट्रीय दिनी, दुपारी बारा वाजता शेप्सहोल्मेनवरून २१ तोफांची सलामी होते. आणि कास्टेल्होल्मेनच्या किल्ल्यावर रोज तीन टोकांचा लष्करी झेंडा चढतो. देशात शांतता आहे, एवढंच तो सांगतो.

आम्ही परतीच्या होडीची वाट बघत होतो तेव्हा काका त्या झेंड्याकडे बघत होते. मग सवयीने त्यांनी खाली धक्क्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि स्वतःशीच हसले.

"सकाळी होतं तिथेच आहे."